एम.एड.चा ठराव

आमच्या सासरी बैल विकायचा असला तरी सभा भरायची. सभा म्हणजे ओसरीवर बसून गप्पा नव्हेत. सतरंजी अंथरायची, मागच्या खोलीतली लोखंडी घडीची खुर्ची उघडून मांडायची, मग माझे सासरे, म्हणजे मामाजी, घसा खाकरून उभे राहायचे आणि म्हणायचे, "आजच्या सभेचं अध्यक्षस्थान अमक्यानं स्वीकारावं अशी मी सूचना मांडतो." दुसऱ्या कुणीतरी अनुमोदन द्यायचं. अध्यक्ष खुर्चीवर, बाकीचे खाली. विषय वाचला जायचा, ज्याला बोलायचं त्यानं उभं राहून बोलायचं आणि शेवटी हात वर करून मतं द्यायची. आभार मानल्याशिवाय उठायचं नाही. चुलीवरची भाजी करपली तरी नाही.

लग्न होऊन केनवडला आले तेव्हा मला हसू आवरत नसे. माहेरही बौद्धाचंच, कामरगावचं. आमच्या वस्तीत साध्या नामकरणालाही अध्यक्ष, सूचक आणि अनुमोदक लागत. पण ते चारचौघांत. घरातल्या पाच-सहा माणसांत बैलासाठी अनुमोदन ही मामाजींचीच रीत.

एकदा मी हसले तेव्हा त्यांनी मला समोर बसवून सांगितलं. ते लहान असताना गावची बैठक चावडीवर व्हायची, आणि आपल्या माणसांनी लांब उभं राहून नुसतं ऐकायचं. ठरलं काय ते शेवटी ओरडून कळवायचे. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर मामाजींनी मनाशी पक्कं केलं की आपल्या घरात कुणाला न विचारता काही ठरणार नाही. "नियम असला म्हन्जे लहानाले बी बोलता येते," ते म्हणाले. त्यानंतर मी हसले नाही. म्हणजे त्यांच्यासमोर तरी नाही.

नियमात एक मेख होती. अध्यक्षानं शेवटपर्यंत बोलायचं नाही, आणि मत द्यायचं ते फक्त दोन्ही बाजू सारख्या झाल्या तरच. धाकटा बैल विकायचा की नाही या सभेत मामाजींनी माझ्या दिराला अध्यक्ष केलं होतं. शेती तोच बघायचा, म्हणून मान त्याचा. त्याला तो बैल जिवापेक्षा प्यारा. पण खुर्चीवर बसल्यामुळे बिचाऱ्याला तोंड उघडता येईना, आणि बाकीच्यांनी हात वर करून बैल विकून टाकला. दोन दिवस तो नीट जेवला नाही. तेव्हापासून मी त्या खुर्चीला वचकून होते.

मी गावातल्याच हायस्कुलात शिक्षिका होते, बी.ए., बी.एड. शिकवायला मला आवडायचं, पण शाळा ज्या तऱ्हेनं चालायची ते बघून माझं डोकं फिरायचं. तपासणीचे साहेब आले की पुरुष शिक्षक त्यांच्याभोवती, आणि आम्हा दोघी बायांना रांगोळी आणि चहा. एकदा मी हेडमास्तरांना तोंडावर सांगितलं, "सर, मी रांगोळी काढायला बी.एड. केलेलं नाही." ते हसले. म्हणाले, "बाई, मग एम.एड. करा, आणि आम्हाला काढायला लावा रांगोळी."

त्यांनी थट्टेत म्हटलं, मी मनावर घेतलं. दुष्काळाची वर्षं सरली होती, आणि वाशिमला शिक्षकांसाठी नवं कॉलेज निघणार अशी बोलवा होती. तिथं एम.एड. झालेली माणसं लागणार होती. अमरावतीला वर्षभराचा अभ्यासक्रम होता, त्यात शैक्षणिक प्रशासन हा खास विषय घेता यायचा. शाळा-कॉलेज चालवायचं कसं, निर्णय घ्यायचे कसे, माणसं सांभाळायची कशी, याचाच अभ्यास. मला तो वाचूनच भूक लागल्यासारखं झालं. अर्ज आमच्या यांनीच आणला. हे शेजारच्या गावी प्राथमिक शाळेत मास्तर होते, सायकलनं जायचे-यायचे. अर्ज भरताना हे माझ्याहून खुशीत होते.

आषाढात जागा मिळाल्याचं कळलं. बुधवारपर्यंत हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा पुढच्या माणसाला. शाळेनं बिनपगारी का होईना, रजा दिली. आता राहिलं घर. पोरगी तीन वर्षांची, तिला होस्टेलवर नेता येत नव्हतं. ही जागा हातची गेली तर पुढच्या साली कुणी रजा देईल याचा भरवसा नव्हता, आणि वाशिमचं कॉलेज काही माझ्यासाठी थांबणार नव्हतं. मी जन्मभर रांगोळ्या काढणार होते, एवढंच मला दिसत होतं.

रविवारी सकाळी विहारातून वंदना करून सगळे परतले आणि मामाजींनी सतरंजी अंथरली. मी काय बोलायचं याची रात्रभर तयारी केली होती. तुम्ही म्हणाल, घरातल्यांपुढे कसली तयारी? पण मी मुद्दे पाठ केले होते, एकावर एक.

मामाजी उभे राहिले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, चेहरा अगदी उजळलेला. "आज आपल्या घरातली सून मोठ्या शिक्षनाले जाऊन राह्यली. आपल्या खुर्चीवर आजवर बाईमानूस बसलं नाई. म्हनून आजच्या सभेचं अध्यक्षस्थान आपल्या सूनबाईनं स्वीकारावं, अशी मी सूचना मांडतो."

आमच्या यांनी लगेच अनुमोदन दिलं. हौसेनं, हात वर करकरून.

म्हाताऱ्यानं मान दिला की तोंड शिवलं? मला तेव्हा खात्रीनं वाटलं की तोंड शिवलं. पण मामाजींकडे बघितलं तर डोळ्यांत नुसतं कौतुक. त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. ज्याचा विषय त्यालाच खुर्चीवर बसवायची ही त्या घरातली जुनी खोड, बैलाच्या वेळची. मी गपगुमान जाऊन बसले. पाठ केलेलं सगळं पोटात, आणि वर मूग गिळलेले.

विषय वाचला गेला: सूनबाईनं एम.एड. शिकायला एक वर्ष अमरावतीला जावं की नाही.

पहिला दीर उठला. तो वाईट माणूस नाही, आजही मी त्याला भाऊजी म्हणते ते मनापासून. म्हणाला, "वहिनी शिकते याचा मले आनंद हाये. पन पोळा झाला का निंदन, दिवाळीनंतर कापूस. घरातली एक बाई गेली, तं दुसरीच्या अंगावर दोघीचं काम. बोला मंग." आणि बसला. खरंच बोलला होता, म्हणून तर मला जास्त राग आला. उत्तर होतं माझ्याकडे, पण खुर्चीवरून देता येत नव्हतं.

मामाजी माझ्या बाजूनं बोलले, लांबलचक, दीक्षेपासून सुरुवात करून. जाऊ काही बोलली नाही. आत्याबाई, म्हणजे माझी सासू, दाराच्या उंबऱ्याला टेकून सुपात ज्वारी निवडत बसल्या होत्या. माझी पोरगी त्यांच्या मांडीवर पडून ज्वारीचे दाणे एकेक करून बाहेर टाकत होती. आत्याबाई सभेत कधी बोलत नसत. मामाजींचा हात वर गेला की त्यांचा जायचा, एवढाच त्यांचा सभेशी संबंध.

मग आमचे हे उठले. मला वाटलं, आता. ज्यानं अर्ज आणला, रात्री कंदील धरून भरला, तो माणूस बोलणार. हे म्हणाले, "मी तटस्थ राहतो."

"काहून?" मामाजींनी विचारलं.

"घरचा मामला हाये. मी एका बाजूनं बोललो तं लोक म्हन्तीन, बायकोच्या ताटाखालचं मांजर."

मला तर वाटलं खुर्ची उचलून फेकावी. लोक! लोक कुठून आले ओसरीवर? पण अध्यक्ष बोलत नाही. मी यांच्याकडे असं बघितलं की यांनी मान वळवून निंबाच्या झाडाकडे बघायला सुरुवात केली.

मतं झाली. बाजूनं मामाजींचा हात वर गेला. मग हळूच, खाली बघत, जाऊचा. दिरानं तिच्याकडे डोळे वटारले, पण तिनं हात खाली घेतला नाही. तिच्याच अंगावर काम पडणार होतं, आणि तीच माझ्या बाजूनं. मी रडायच्या बेतात होते. मग विरोधात दिराचा हात. आणि त्याच्यामागून, ज्वारीचं सूप बाजूला सरकवून, आत्याबाईंचा.

घरात आजवर असं झालं नव्हतं. मामाजी एका बाजूला आणि आत्याबाई दुसऱ्या. मामाजींनी दोनदा मोजलं. मग त्यांच्या तोंडावर हसू फुटलं, कारण नियम त्यांच्या लक्षात आला. "बरोबरी झाली. आता अध्यक्ष आपलं निर्णायक मत देतीन."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आमच्या यांनी निंबाचं झाड सोडलं. बास, मला फक्त हात वर करायचा होता. बुधवारी अमरावती. कुणी अडवू शकलं नसतं, कारण त्या घरात ठराव म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मी हात उचलला नाही. आत्याबाई पुन्हा ज्वारीत बघत होत्या आणि माझी पोरगी त्यांच्याच मांडीवर होती. नियमानं जिंकून मी पोरीला कुणाच्या स्वाधीन करणार होते? ज्या बाईनं हात वर करून नको म्हटलं, तिच्याच. वर्षभर तिकडे पुस्तकात डोकं घालून बसायचं आणि मनात हा हात. नाही जमणार.

"मी मत देत नाई," मी म्हटलं.

"द्याच लागते. नियम हाये," मामाजी म्हणाले.

"मले आंधी आत्याबाईले एक गोष्ट इचाराची हाये."

"अध्यक्षाले इचारता येत नाई."

"मंग मी अध्यक्ष नाई," मी म्हटलं, आणि उठले. मामाजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. भर सभेत खुर्ची रिकामी, असा प्रसंग त्यांच्या नियमात नव्हताच. मी सरळ आत्याबाईंच्या पुढ्यात जाऊन बसले. "आत्याबाई, तुमी काहून हात वर केला विरोधात? मी शिकलेली नको काय तुमाले?"

त्यांनी एक खडा वेचून बाहेर टाकला. मग म्हणाल्या, "शिक न बाई. पार दिल्लीपरेंत शिक. मी कायले नाई म्हनू? पन तुमचा इषय काय? सूनबाईनं जावं का नाई. हो का नाई?"

"हाव."

"आन पोट्टी कोन पायीन वर्षभर?"

मी पोरीकडे बघितलं. ती त्यांच्या पदराशी खेळत होती.

"मीच पायीन, हे सगळ्यायनं धरून ठेवलं. सभा घेतली, भाषनं झाली, पन मले कोनी इचारलं काय? तू इचारलं? यायनं इचारलं? जसा घराचा खांब. खांबाले काय इचारते कोनी, का बापा, तुह्यावर आडं ठेवू का?"

मामाजी, ज्यांनी आयुष्यभर कुणाला न विचारता काही ठरवायचं नाही हा नियम पाळला, ते उभ्याचे खाली बसले. मी मुद्दे पाठ केले होते एकावर एक, आणि त्यात हा नव्हता.

"मंग आता इचारतो," मामाजी हळू आवाजात म्हणाले. "पाहशीन काय?"

"पाहीन न. माही नात हाये. मले काय दगड समजलं?" आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं. "पन मी सांगतो तसं. पोट्टी मी पायतो. धाकटी सून दुपारपर्यंत वावरात जानार नाई, घरीच राहीन, म्हन्जे तिच्या अंगावर दोघीचं काम पडत नाई."

"हे उपसूचना झाली," मामाजींना थोडा जोर आला.

"तुमचं काय असन ते असो. आन पानी."

पाणी लांबच्या विहिरीवरून आणावं लागे. शाळेत जायच्या आधी ते मीच भरायची.

"पानी कोन भरन?" दिरानं विचारलं.

आत्याबाईंनी आपल्या मोठ्या मुलाकडे मान वळवली. "जो तटस्थ हाये थो भरन."

जाऊनं पदर तोंडात कोंबला, तरी तिचं हसू फुटलंच. त्यामागे दीर, आणि शेवटी मामाजी, टोपी काढून.

"आई, विहिरीवर लोक हसतीन मले," हे म्हणाले.

"हसू दे न. तटस्थाले काय फरक पडते?"

पुन्हा हात वर झाले. या वेळी सगळ्यांचे, दिराचाही आणि आमच्या यांचाही, वर जाताना जरा वाकडा. पोरीनंही सगळ्यांचं बघून दोन्ही हात वर केले. माझा जीव भांड्यात पडला. मी आत जाऊन चुलीपुढे ढसाढसा रडून घेतलं. बाहेर मामाजी म्हणत होते की खुर्ची रिकामी असताना झालेला ठराव ग्राह्य धरता येत नाही. मग मला डोळे पुसून पुन्हा खुर्चीवर बसावं लागलं, निव्वळ आभारासाठी.

बुधवारी मी अमरावतीत होते.

ते वर्ष कसं गेलं हे सांगायला बसले तर पुरणार नाही. होस्टेलच्या खोलीत आम्ही तिघी, ग्रंथालयात पंख्याखालची जागा मिळवायची मारामार. मोठमोठी पुस्तकं, बहुतेक इंग्रजी, एकेक पान दोनदा वाचायची. माझा प्रबंध कॉलेजांतल्या निर्णयांवर होता. त्यासाठी मी एस.टी.नं गावोगाव फिरून प्राचार्यांना भेटले. प्रत्येक जण सांगायचा, आम्ही सगळ्यांना विचारून ठरवतो. मी म्हणायची, बरं, आणि कुणाला विचारायचं राहतं? यावर बहुतेक जण चहा मागवायचे.

घरची खबर यायची ती पाण्याची. आमच्या यांनी सायकलीला दोन्हीकडून तेलाचे रिकामे डबे बांधून घेतले होते. पहिले काही दिवस विहिरीवरच्या बाया म्हणायच्या, "सरका व, मास्तर आले, तटस्थ मास्तर." आमच्या घरातली गोष्ट विहिरीवर कशी गेली हे जाऊला ठाऊक. पण पुढे त्याच बाया म्हाताऱ्या माणसांचे डबेही यांच्या सायकलीला लावायला लागल्या, आणि हेही घेऊन जायला लागले.

दिवाळीत घरी गेले तेव्हा एस.टी.तून उतरताना मनात एकच होतं. पोरगी विसरली असेल का? ती अंगणात जाऊच्या पोराबरोबर मातीचा किल्ला करत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, थांब, माहा हात भरला हाये." आणि पुन्हा किल्ल्याकडे वळली. मी तिथेच ओट्यावर बसले. एवढं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक वयस्कर परीक्षक आले होते. चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज करडा. माझ्या प्रबंधावर बरंच उलटसुलट विचारलं, मी उत्तरं देत गेले. मग त्यांनी सहज, अगदी सोपा म्हणून, प्रश्न टाकला. "सभेच्या अध्यक्षाला मत केव्हा देता येतं?"

मला हसू आलं. आवरेना. माझ्या मार्गदर्शक बाईंनी डोळे मोठे केले, तरी आवरेना. परीक्षक म्हणाले, "यात हसण्यासारखं काय आहे?" तेव्हा मी म्हटलं, सर, माफ करा, पण मी अध्यक्ष होते. आणि ओसरीची सगळी हकिगत सांगून टाकली, खुर्ची, बैल, तटस्थ, सगळं.

"मग तुम्ही मत दिलंत का?"

"नाही सर. पाणी भरणारा माणूस मिळाला."

त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. बाई तर टेबलाखाली वाकल्या. बाहेर आले तेव्हा मला कळलं की मी पास झाले आहे. निकाल लागायचा होता अजून, पण कळलं.

निकाल लागला. वाशिमच्या कॉलेजातून बोलावणं आलं. अध्यापिका म्हणून, पुढे उपप्राचार्य करू असं तोंडी. वाशिमला जायचं म्हणजे खोली घ्यायची, हे शनिवार-रविवारी येणार, आणि पोरगी आता माझ्याबरोबर. म्हणजे आत्याबाईंची मांडी रिकामी. हे मला ठाऊक होतं, त्यांनाही. पण या वेळी मी आधी त्यांच्याकडे गेले. चुलीपाशी बसून विचारलं, पोरीला नेऊ काय? त्या म्हणाल्या, "सभेत सांगीन."

रविवारी सतरंजी अंथरली. खुर्ची मांडली. मामाजी उभे राहायच्या आत मीच उठले आणि म्हटलं, आजच्या सभेचं अध्यक्षस्थान आत्याबाईनं स्वीकारावं अशी मी सूचना मांडते. वर्षभर मनात होतं ते. आमच्या यांनी अनुमोदन दिलं, दिरानंही दिलं. मामाजींनी खुर्चीवरची धूळ पंच्यानं पुसली.

आत्याबाई उंबऱ्यावरून उठल्या नाहीत.

"मले नको बसवू तिथं," त्या म्हणाल्या. "तिथं बसलं का हात वर करता येत नाई. आज मले तुह्या बाजूनं करा लागते."

आणि विषय वाचायच्या आधीच त्यांनी हात वर केला.